व्यासपीठ आणि अर्पणाची थैली

2017 च्या जानेवारीतला शेवटचा रविवार. नोकरीनिमित्त मी तेव्हा अमेरिकेत होतो आणि गावातल्या एका मध्यम आकाराच्या इव्हँजेलिकल, म्हणजे शास्त्राला सर्वोच्च मानणाऱ्या आणि नव्या जन्मावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या, चर्चमध्ये दर रविवारी उपासनेला जात होतो. दोनच दिवसांपूर्वी, शुक्रवारी, ट्रम्प यांनी निर्वासितांचा प्रवेश 120 दिवस थांबवणारा आणि सीरियाच्या निर्वासितांवर बेमुदत बंदी घालणारा हुकूम काढला होता. पास्टरांनी हुकमाचं नावही घेतलं नाही. मत्तयाचा पंचविसावा अध्याय उघडला, परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतलं, हे वचन सावकाश वाचलं आणि म्हणाले, आपल्या गावात राहायला आलेल्या सीरियन कुटुंबाचे आईवडील अजून छावणीत आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. माझ्या पुढच्या रांगेतलं एक जोडपं प्रार्थना सुरू असतानाच उठलं. बाईंनी लेकराला कोट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तिघंही बाजूच्या दाराने बाहेर पडले.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी सत्तरीचे एक गृहस्थ पास्टरांसमोर येऊन उभे राहिले. हातातला कागदी कप थोडा थरथरत होता. म्हणाले, “पास्टर, मी इथे राजकारण ऐकायला येत नाही.”

“मी फक्त मत्तय वाचला.”

“ते मला कळतं. पण आजच का वाचलात?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांचं आणि त्यांच्या सभासदांचं राजकारणावरून जे बिनसलं आहे, त्याचं मूळ त्या “आजच का” मध्ये आहे असं मला वाटतं. शास्त्र वाचायला कोणाचीच हरकत नसते. ते आजच्या तारखेला लागू करू नका, एवढंच मागणं असतं.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून या लोकांविषयी एक सरधोपट समज पसरला आहे. धर्मगुरू व्यासपीठावरून हुकूम सोडतात आणि भाबडी जनता मतदान केंद्रावर जाऊन तसं बटण दाबते, असा तो समज. मी जे पाहिलं आणि जे वाचलं, ते बहुतेक वेळा याच्या उलट आहे. कळप पुढे चालतो आणि मेंढपाळ मागून धापा टाकत येतो. पुढाऱ्याचं तोवरच ऐकलं जातं, जोवर तो लोकांच्या मनातलंच बोलतो.

याचं कारण श्रद्धेत शोधण्याआधी कारभारात शोधायला हवं. बॅप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या मंडळ्यांवर बिशप नसतो. मंडळीच मतदान करून पास्टर नेमते, मंडळीच त्याला काढते, आणि त्याचा पगार रविवारच्या अर्पणातून निघतो. ही रीत मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही, कारण ती आमच्याकडे अमेरिकेतूनच आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, आणि मंडळीचा कारभार मंडळीने चालवायचा ही शिकवण बरोबर आणली. माझे वडील नगरच्या एका मंडळीत पंच होते. महिनाअखेरीला थैल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर रिकाम्या व्हायच्या. आई चिल्लरीच्या चवडी लावायची, वडील नोटा सरळ करून रबर लावायचे, आणि सगळ्यात आधी पाळकसाहेबांचा पगार बाजूला काढला जायचा. एखाद्या महिन्यात एका मोठ्या घरचा लखोटा आला नाही की वडिलांच्या कपाळावर आठी पडायची. पाळकसाहेबांनी मागच्या रविवारी कोणत्या विषयावर उपदेश केला होता, हे तेव्हा कोणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना ते ठाऊक मात्र असे.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्याकडे चाकरीच्या संदर्भात म्हटली जाते. देवाचं वचन सांगणाऱ्याला ती लागू झाली तर काय उरतं? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा स्वतंत्र ख्रिस्ती संघ मांडला. पगार देणारा आणि शब्द सांगणारा यांच्यातला ताण त्यांना पुरता ठाऊक होता. त्यांच्या बाबतीत पगार देणारे परदेशी मिशनवाले होते, अमेरिकेतल्या पास्टरच्या बाबतीत ते समोरच्या बाकांवर बसलेले शेजारी असतात. शेजाऱ्याची नाराजी जास्त जवळून लागते.

हे दुखणं ट्रम्प यांच्यापासून सुरू झालं असं मानणं चूक आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना. ती 1845 मध्ये जन्मली तीच गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावं या आग्रहातून. याच संघटनेच्या 1954 च्या अधिवेशनात, शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला पाठिंबा देणारा अहवाल मंजूर झाला. प्रतिनिधींनी हात वर केले आणि घरी गेले. घरी ज्या मंडळ्या होत्या, त्यातल्या बहुसंख्य मंडळ्यांना हा निकाल मुळीच नको होता. पुढे 1957 मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवलं गेलं, तेव्हा ब्रूक्स हेज हे त्या भागाचे खासदार होते आणि सदर्न बॅप्टिस्टांचे अध्यक्षही होते. ते काही बंडखोर नव्हते. वर्णभेदाच्या बाजूने दक्षिणेतल्या खासदारांनी जो जाहीरनामा काढला होता, त्यावर त्यांचीही सही होती. त्यांनी फक्त राज्यपाल आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यात मध्यस्थी करून पाहिली. 1958 मध्ये मतपत्रिकेवर ज्याचं नावही छापलेलं नव्हतं अशा उमेदवाराचं नाव हाताने लिहून मतदारांनी त्यांना पाडलं. अधिवेशनातला ठराव आणि बाकांवरचं मन यांत केवढी दरी असते, ती त्या मतपेटीत दिसली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ग्रेग बॉइड यांचं उदाहरण. मिनेसोटात सेंट पॉल शहराजवळ त्यांचं वुडलँड हिल्स चर्च आहे. सुमारे 5000 माणसांची मंडळी. बॉइड स्वतः गर्भपाताच्या विरोधातले. पण निवडणूक जवळ आली की त्यांच्यामागे मागण्यांचा लकडा लागायचा. व्यासपीठावरून अमुक उमेदवाराचं नाव घ्या, मतदानाची पत्रकं वाटा, गर्भपातविरोधी मोर्चाची घोषणा करा. एकदा चार जुलैला ते दुसऱ्या एका मोठ्या चर्चमध्ये गेले होते. तिथे उपासनेच्या शेवटी देशभक्तीपर गीत झालं आणि पडद्यावर लढाऊ विमानं दिसली, डोंगरावरच्या क्रूसांवरून उडत जाणारी. तेव्हापासून त्यांना हे खुपत होतं. 2004 च्या निवडणुकीच्या वर्षात त्यांनी क्रूस आणि तलवार या विषयावर सहा उपदेश केले. सांगणं इतकंच होतं की चर्चने राजकारणापासून दूर राहावं, लैंगिक नीतीवर कोरडे ओढणं थांबवावं, अमेरिकेला ख्रिस्ती राष्ट्र म्हणणं आणि तिच्या लष्करी मोहिमांचा गौरव करणं सोडावं. सुमारे 1000 माणसं चर्च सोडून गेली. 70 लाख डॉलरचा निधी उभा करायचा होता, 40 लाखच आले. 50 जणांच्या कर्मचारीवर्गातून सात जणांना कमी करावं लागलं. संडे स्कूल ज्यांच्या खांद्यावर चालत होती ते स्वयंसेवकही गेले.

हे आकडे वाचताना मला आमचं जेवणाचं टेबल आठवतं. बॉइड यांनी कोणत्याही पक्षाचा प्रचार केला नव्हता, प्रचार करायला नकार दिला होता. म्हणजे ज्या माणसाने राजकारण बाहेर ठेवलं, त्यालाच राजकारण करतो म्हणून शिक्षा झाली. “मी इथे राजकारण ऐकायला येत नाही” या वाक्याचा अर्थ पुष्कळदा “माझ्या राजकारणाला धक्का लावू नका” असा असतो, तो असा.

मग आली 2016 ची निवडणूक, आणि एका जुन्या ठरावाने सगळ्यांची परीक्षा घेतली. 1998 मध्ये, क्लिंटन यांच्या भानगडीच्या दिवसांत, सदर्न बॅप्टिस्टांनी सॉल्ट लेक सिटीच्या अधिवेशनात ठराव केला होता की सार्वजनिक पदावरच्या माणसाचं चारित्र्य महत्त्वाचं आहे आणि पुढाऱ्यांची गंभीर पापं चालवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. ठराव योग्य होता. आजही योग्य आहे. 2011 मध्ये पीआरआरआय या धर्म आणि समाजावर पाहण्या करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत, खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूसही पदावर नीट वागू शकतो, असं गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी फक्त 30 टक्के लोक म्हणाले होते. 2016 मध्ये तसं म्हणणारे 72 टक्के झाले. पाच वर्षांत पवित्र शास्त्राची नवी आवृत्ती निघाली नव्हती. बदलला होता तो उमेदवार.

रसेल मूर हे तेव्हा सदर्न बॅप्टिस्टांच्या नीती आणि धर्मस्वातंत्र्य आयोगाचे प्रमुख होते. 1998 च्या ठरावात जे लिहिलं होतं, तेच ते 2016 मध्ये बोलत राहिले. ट्रम्प यांनी त्यांना ट्विटरवरून हृदय नसलेला दुष्ट माणूस म्हटलं. खरी झळ नंतर लागली, ती आतून. निवडणूक झाल्यावर 100 हून अधिक मंडळ्यांनी राष्ट्रीय संघटनेला जाणारा सामायिक निधी रोखण्याची भाषा केली. मूर यांनी आपल्या बोलण्यातल्या तिखटपणाबद्दल माफी मागितली, काही वर्षं तग धरला आणि 2021 मध्ये ती जागाच सोडली, त्या संघटनेची चर्चंही सोडली. पुढे त्यांनी एक गोष्ट सांगितली ती फार बोलकी आहे. अनेक पास्टर त्यांना सांगत होते की उपदेशात ‘दुसरा गाल पुढे कर’ हे डोंगरावरचं प्रवचन आलं की नंतर कोणीतरी येऊन विचारतं, ही उदारमतवाद्यांची भाषा कुठून आणलीत? हे येशूचे शब्द आहेत असं सांगितलं तर उत्तर येतं, ते आता चालत नाही, ते दुबळेपणाचं आहे.

इथे कोणी म्हणेल, मूर किंवा बॉइड हे पुस्तकी लोक, दिल्लीत बसून गावाला अक्कल शिकवणाऱ्यांसारखे. लोकांनी त्यांना झिडकारलं यात नवल ते काय? या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, त्याकडे मी येतोच. पण ते पुरेसं नाही, कारण लोकांचे लाडके पुढारीही त्यांच्या मनाविरुद्ध एक शब्द बोलले की तसेच फटके खातात. फ्रँकलिन ग्रॅहम म्हणजे प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांचे चिरंजीव आणि ट्रम्प यांचे खंदे समर्थक. 2021 च्या मार्चमध्ये त्यांनी फेसबुकवर लिहिलं की आज येशू असता तर तो कोविडच्या लसीच्या बाजूने बोलला असता. त्यांच्याच अनुयायांनी त्यांच्यावर राळ उठवली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत प्यू या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या पाहणीत 45 टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांनी लस घेणार नाही किंवा बहुधा घेणार नाही असं सांगितलं होतं. आयुष्यभर जपलेली पत एका आजारावरच्या लशीसाठी सुद्धा वापरता आली नाही. ही कसली पुढारकी?

निर्वासितांच्या बाबतीत तर हे मला असह्य होतं. वर्ल्ड रिलीफ ही इव्हँजेलिकल चर्चांच्या राष्ट्रीय महासंघाशी जोडलेली संस्था अनेक दशकं निर्वासितांचं पुनर्वसन करत आली आहे. विमानतळावर कुटुंबाला आणायला जाणं, भाड्याचं घर शोधणं, तिथे गाद्या आणि भांडी आधीच लावून ठेवणं, मुलांना शाळेत घालणं, ही कामं चर्चमधली साधी माणसं करतात. मी त्यांना करताना पाहिलं आहे. त्या गावातल्या सीरियन कुटुंबाच्या स्वयंपाकघरातलं पीठ आणि तांदूळ आमच्याच चर्चमधल्या बायकांनी भरून ठेवले होते. 2017 च्या हुकमानंतर टिम केलर, मॅक्स लुकाडो यांच्यासारख्या नामवंत पास्टरांसह 500 इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये पानभर जाहिरात देऊन विरोध नोंदवला. त्याच फेब्रुवारीत वर्ल्ड रिलीफला पाच कार्यालयं बंद करावी लागली आणि 140 हून अधिक माणसं कमी करावी लागली. पुढच्या वर्षी प्यूने विचारलं, निर्वासितांना घेण्याची आपल्या देशावर जबाबदारी आहे का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी 25 टक्के लोक हो म्हणाले. देशातल्या धार्मिक गटांमध्ये हा सगळ्यात कमी आकडा होता.

एकाच मंडळीत पिठाचे डबे भरणारे हात आहेत आणि दार लावा म्हणणारी मतंही आहेत, कधी कधी एकाच माणसाची. ही माणसं दुष्ट आहेत असं मला म्हणायचं नाही. ती आठवड्यातला एक तास पास्टरांचं ऐकतात आणि उरलेला आठवडाभर टीव्ही आणि फोनचं. लाइफवे या सदर्न बॅप्टिस्टांच्याच संस्थेने 2015 मध्ये विचारलं होतं की स्थलांतरितांविषयी तुमचं मत मुख्यतः कशावरून बनलं. पवित्र शास्त्रावरून, असं म्हणणारे इव्हँजेलिकल होते 12 टक्के. ज्यांची ओळखच शास्त्राला सर्वोच्च मानणारे अशी आहे, त्यांच्यातले 12 टक्के. पण त्याच पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोक असंही म्हणाले की या विषयावर शास्त्र काय सांगतं असा उपदेश आम्हाला ऐकायला आवडेल. हा दुसरा आकडा पास्टरांना कोणी सांगत नाही. उठून जाणारं जोडपं दिसतं, बसून राहिलेले दोनशे दिसत नाहीत.

2016 मध्ये 81 टक्के इव्हँजेलिकलांनी ट्रम्प यांना मत दिलं हा आकडाही जपून वाचायला हवा, कारण तो फक्त गोऱ्यांचा आहे. तेच शास्त्र, तोच नवा जन्म, तेच तारण मानणाऱ्या काळ्या प्रोटेस्टंटांची मतं प्रचंड बहुमताने दुसऱ्या बाजूला जातात. मग दोन्हीकडच्या माणसाने आपलं मत शास्त्रातून आलं असं छातीठोकपणे सांगण्याआधी क्षणभर थांबायला नको का?

आता सभासदांची बाजू. ती खरी आहे आणि मला ती मान्य आहे. मत हे ज्याचं त्याचं असतं आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून ते पास्टरांकडे गहाण पडत नाही. राष्ट्रीय कार्यालयात बसलेला पुढारी “आम्ही इव्हँजेलिकल” असं म्हणून निवेदन काढतो, तेव्हा त्याने कोणाला विचारलेलं असतं? 2006 मध्ये हवामानबदलाच्या जाहीरनाम्यावर 86 पुढाऱ्यांनी सह्या केल्या. मी त्या जाहीरनाम्याच्या बाजूचा आहे, पण ज्या कोळशाच्या खाणीच्या गावात सगळ्यांची चूल त्या खाणीवर चालते, तिथल्या मंडळीत जाऊन तो समजावण्याचे कष्ट किती जणांनी घेतले? आणि उलट्या दिशेची जबरदस्तीही असते. 2016 मध्ये लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठाचे अध्यक्ष जेरी फॉलवेल धाकटे ट्रम्प यांचा प्रचार करत होते, तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी निवेदन काढलं की आमच्या नावावर हे खपवू नका. त्या मुलांनी योग्य केलं.

म्हणून मला पास्टरांनी उमेदवाराचं नाव घेणं मुळीच मान्य नाही, मग तो उमेदवार मला कितीही आवडो. अमेरिकेत 1954 पासून करसवलत घेणाऱ्या चर्चांना तशी कायदेशीर मनाई आहे. 2025 च्या जुलैमध्ये तिथल्या करखात्यानेच न्यायालयात भूमिका मांडली की आपल्या मंडळीपुढे उपासनेत केलेलं आवाहन या मनाईत बसत नाही. अनेकांना तो व्यासपीठाचा विजय वाटला. मला भीती वाटते. नाव घ्यायची मोकळीक मिळाली की नाव घ्याच असा आग्रह सुरू होतो, आणि तो आग्रह थैलीच्या बाजूने येतो. बॉइड यांच्याकडे नकार द्यायला निदान कायद्याचा आडोसा होता.

मात्र नाव न घेणं आणि गप्प बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाला मत द्यायचं हे सांगू नका, असं मंडळी पास्टरांना सांगू शकते. शास्त्र आज वाचू नका, असं सांगण्याचा अधिकार तिला नाही. संदेष्टे राजाच्या वाड्यासमोर उभे राहून बोलले ते राजा जिवंत असताना. दाविदाला नाथानाने “तो मनुष्य तूच आहेस” म्हटलं ते बथशेबाच्या प्रकरणानंतर, दुसऱ्या एखाद्या राजाच्या कारकिर्दीत नव्हे.

यासाठी थैली आणि व्यासपीठ यांच्यामध्ये भिंत हवी, निदान कुडाची तरी. पास्टरची नेमणूक ठरावीक वर्षांची असावी आणि एका उपदेशावरून ती मोडता येऊ नये. कोण किती देतं हे पास्टरला कळूच नये. पास्टरनेही व्यासपीठावरून बोललेल्या शब्दाचा जाब द्यायला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, आणि विरोधकाचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकावं. चर्चविषयक पाहण्या करणाऱ्या बार्ना संस्थेच्या 2022 च्या पाहणीत 42 टक्के पास्टर म्हणाले होते की गेल्या वर्षभरात हे काम कायमचं सोडावं असं मनात येऊन गेलं. त्यांच्यापैकी 38 टक्क्यांनी कारण म्हणून राजकीय फुटीकडे बोट दाखवलं. ती माणसं गेली की त्यांच्या जागी कोण येईल? लोकांना हवं तेच सांगणारा माणूस नेमायला फार शोधावं लागत नाही.

कॉफीच्या टेबलापाशी विचारणाऱ्या त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. त्यांनी तोंडावर विचारलं. पास्टर त्यांना म्हणाले, “बुधवारी संध्याकाळी वेळ आहे का? बसून बोलू.” त्या बुधवारी मी खुर्च्या लावायला लवकर गेलो होतो. मागच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये दोन बायबलं उघडी, आणि म्हाताऱ्यांचा आवाज चढलेला. मी दार हळूच ओढून घेतलं. रविवारी ते नेहमीच्या जागी, डावीकडच्या तिसऱ्या रांगेत होते. पास्टर बोलत असताना हाताची घडी घालून, भुवया आक्रसून ऐकत होते. माझ्या पुढच्या तीन खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या, आणि मी तिथे होतो तोवर त्या कुटुंबाचं कोणी परत आलं नाही.